पोस्टमास्तरणीची पोथी

"पोथी अर्धी कामून ठेवली?"

मारोतराव वाचनालयाच्या दारात उभे होते. मी कुलूप नुकतंच काढलं होतं, चप्पलही पायातच होती.

"कुठली पोथी?" मी विचारलं.

"कुठली म्हणता? आमची सून सरू रोज दुपारी देवळात येती, ती. तुमीच वाचता म्हणं. धोंड्याच्या महिन्यात पोथी लावायची आन् मधीच बंद करायची? परवा आमची हिरीवरची मोटार जळली. कौसाबाईची मेंढी लंगडायलीय. आजून काय व्हायची वाट बघायल्या?"

"मारोतराव, मी पोथी वाचतच नाही. मी तर..."

बाहेर ओट्यावर कौसाबाई बसल्या होत्या. त्या इतक्या जोरात खोकल्या की माझं वाक्य तिथेच राहिलं.

"म्याडमचा घसा बसलाय," त्या म्हणाल्या. "लागती उद्यापासून पुन्हा. तुमी जावा, मोटारीकडं बघा."

मारोतराव गेले. मी कौसाबाईंकडे बघत राहिले. माझा घसा ठणठणीत होता.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते.

मी पुण्याच्या एका संस्थेत फॅसिलिटेटर आहे. म्हणजे गावात बायकांचा वाचनगट चालवायचा. पुस्तक मोठ्याने वाचायचं, बायकांना बोलतं करायचं, आणि त्या जे बोलतील ते लिहून पुण्याला पाठवायचं. या शेवटच्या कामाला फीडबॅक म्हणतात. फीडबॅक आला तर गट चालू राहतो. गट मध्येच मोडला तर पुस्तकांची पेटी आणि फॅसिलिटेटर दोन्ही उचलून दुसऱ्या तालुक्यात हलवतात. बोरीच्या फाट्यापासून आत असलेल्या या गावात माझा गट मारुतीच्या सभामंडपात भरायचा, कारण मे महिन्यात वाचनालयाच्या पत्र्याखाली माणूस बसूच शकत नाही.

पुण्याहून जे पुस्तक आलं होतं, ते पाहून मला पहिल्याच दिवशी राग आला. डोंगरातलं एक छोटं गाव. तिथे निवृत्त झालेली एक पोस्टमास्तरीण बंद पडलेल्या पोस्टात चहाचं दुकान टाकते. गावातल्या ज्याचं ज्याच्याशी भांडण असेल ते तिच्या बाकावर येऊन, चहा पिऊन मिटतं. तिचा स्वतःचा मुलगा तेवढा रागावून निघून गेलेला. बाकी सगळे चांगले. सावकार चांगला, ठेकेदार चांगला, कुत्रासुद्धा चांगला. चहाच्या मळ्यात कोण राबतं आणि त्याला मजुरी किती मिळते याबद्दल एक ओळ नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील चळवळीत. आमच्या घरात गाद्यांखाली, फळीवर, पिठाच्या डब्यामागे पत्रकं असायची. मी वाचलेला पहिला शब्द 'उठा' हा आहे. आणि या कादंबरीत पानापानावर 'बसा, चहा घ्या'.

मी आमच्या सरांना फोन लावला.

"सर, पुस्तक बदलून द्या. यात संघर्षच नाही."

"बायकांना आवडतंय का?"

"आवडतंय."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"तोच."

सरांनी फोन ठेवला.

बायकांना खरोखरच आवडत होतं. वाचायची पद्धत त्यांनीच ठरवून टाकली होती. गावात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. तसंच मी परिच्छेद वाचून थांबायचं आणि शेजारी बसलेल्या कौसाबाईंनी अर्थ सांगायचा. कौसाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, साठी ओलांडलेल्या. कादंबरी सरळ मराठीत होती, तिला अर्थाची गरज नव्हती. पण कौसाबाई सांगायच्याच.

"म्हंजे बगा," त्या म्हणायच्या, "बाई एकटी हाय. पेन्शन हाय. सासू न्हाई. मंग चहा गोडच हुनार की."

सभामंडप हसायचा. सासवा जरा उशिरा हसायच्या.

बाहेर ऊन असं की कुत्रीही देवळाच्या पायरीवर येऊन पडायची, आणि आत आम्ही बर्फात. पानावर बर्फ पडायला लागला की बायका पदर गच्च लपेटून घ्यायच्या. एकदा सरू म्हणाली, "तिथल्या बाया बाकावर बसतेत व म्याडम. कपबशी हातात घेऊन नुसत्या बसतेत. कोनी हाक बी मारीत न्हाई त्यायला." हे मी फीडबॅकमध्ये लिहिलंसुद्धा नाही. मला ती प्रतिक्रिया वाटलीच नाही.

आणि मग एके दिवशी माझ्यातलं पत्रक जागं झालं. पोस्टमास्तरणीच्या मुलाचा निरोप आला होता, मी येतोय. त्याच दिवशी बर्फाने घाट बंद झाला. प्रकरण तिथे संपलं आणि मी पुस्तक मिटलं. म्हटलं, आता उद्यापासून आपण खऱ्या प्रश्नावर बोलू. दुसऱ्या दिवशी मी किमान वेतनाचं पत्रक वाचलं. चांगलं वाचलं. आवाज चढवून वाचलं.

बायकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी सरू म्हणाली, "खरं हाय म्याडम. पर घाट उघडला का?"

"ते पुस्तक आपण थांबवलंय," मी म्हणाले.

त्यानंतरच्या दुपारी सभामंडपात मी, कौसाबाई आणि मारुती. कुरडयांचे दिवस होते, बायकांना घरी काम काही कमी नव्हतं. पुण्याला कळवायचं काय, हा विचार करत मी दुसऱ्या सकाळी वाचनालय उघडलं, तर दारात मारोतराव.

ते गेल्यावर मी कौसाबाईंना आत बोलावलं.

"कादंबरीला पोथी कोण म्हणालं?"

"समद्याच," कौसाबाई म्हणाल्या. चारचौघांत त्या मला म्याडम म्हणायच्या, एकटीला पोरी. "आगं पोरी, गोष्ट ऐकायला जाते म्हणल्यावर कोन सोडतंय? दवाखान्याला सोडतेत. लग्नाला सोडतेत. मजुरीला तर ढकलून देतेत. नुसतं बसायला कोनी सोडत न्हाई. पोथीला न्हाई म्हणायची मातर कोनाची छाती न्हाई. म्हणून पोथी."

"आणि तुमची मेंढी?"

"काटा मोडला व्हता पायात. काढला म्या."

"मारोतरावांची मोटार?"

"ती दर साली लाइटीनं जळती. औंदा तुझ्या नावावर."

मला हसू आलं आणि रागही आला. अंधश्रद्धेच्या विरोधातली पत्रकं मी शाळेच्या वयात वाटली आहेत. पुस्तक अर्धं राहिलं म्हणून मोटार जळते, याला मी मान डोलवायची?

"हे चालणार नाही," मी म्हणाले. "मी मारोतरावांना खरं काय ते सांगणार."

"सांग की. मंग सरूला रोज घरून सोडवून आणायला बी तूच जा."

मी बाहेर जाऊन वडिलांना फोन केला. माझ्या घरात तत्त्वाचे प्रश्न त्यांच्याकडे जातात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या बैठका कुठं व्हायच्या ठाऊक आहे का तुला? देवळात. कोणी विचारलं तर सांगायचो, भजन आहे. टाळ सोबतच असायचे."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"पत्रकात नव्हतं ते," ते म्हणाले.

मी ठरवलं की मी स्वतःहून पोथी हा शब्द उच्चारणार नाही, आणि विचारल्याशिवाय कादंबरी हा शब्दही उच्चारणार नाही. दुसऱ्या दुपारी सभामंडप भरला. घाट अजून बंदच होता, कारण लेखिकेने पुढची बरीच प्रकरणं तो बंदच ठेवला आहे. बायकांचा जीव वरखाली होत होता. कोणी म्हणे पोरगं परत जाईल. कोणी म्हणे बाईनेच जावं खाली. एकीने बर्फाला अशी अस्सल शिवी दिली की कौसाबाईंनाही अर्थ सांगता आला नाही.

आता शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, आणि मारोतराव पुन्हा वाचनालयात आले. या वेळी खुशीत.

"म्याडम, समाप्तीला भंडारा करू. सैपाक आमी गडीमाणसं करतो. बायांनी पोथी ऐकावी. आमी बी बसू शेवटाला."

भंडारा म्हणजे गावजेवण, आणि त्याचा स्वयंपाक आमच्याकडे पुरुषच करतात. ते बरोबरच होतं. पण 'आमी बी बसू' म्हणजे शेवटचं प्रकरण ते स्वतः ऐकणार होते. संध्याकाळी सरू पाण्याची घागर घेऊन वाचनालयावरून गेली ती रडवेली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"मामा ऐकनार म्याडम. पोस्ट, चहा, बर्फ. तवाच कळंल त्यायला. आता म्या परत कशी येऊ?"

ती गेल्यावर कौसाबाई ओट्यावरून मला म्हणाल्या, "तू वाच. अर्थ मी सांगते."

समाप्तीच्या दिवशी देवळामागे चुली पेटल्या होत्या. मारोतराव डोक्याला टॉवेल बांधून वरण ढवळत होते. सभामंडपात पाट मांडला होता, त्यावर लाल कापडात पुस्तक. कोणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. लेखिकेला हे मी अजून कळवलेलं नाही.

बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मारोतराव सगळ्यांत पुढे, हातात पळी तशीच. सरू खांबाआड बसली होती. मी वाचायला सुरुवात केली. पोस्टमास्तरीण सकाळी उठते, खिडकीवरचा बर्फ पुसते, घाटाकडे बघते. मी थांबले.

कौसाबाईंनी हात जोडले. आवाज एकदम बदलला. "म्हंजे बगा, देवी उंच डोंगरावर राहाती. तिचा ल्योक तिच्यावर रुसून परदेशी गेलेला..."

"कौसाबाई," मारोतराव म्हणाले, "अर्थ ऱ्हाऊ द्या. पोरगं घाटातून निघालं का न्हाई तेवढं बघा. लय दिस झाले तितंच अडकून पडलंय."

खांबाआडून सरूचा आवाज आला.

"मामा? तुमाला ठावं हाय?"

"आता सैपाकघरात रोज सांगतीस सासूला. मधी भिंत हाय का? पत्रा हाय."

मारोतरावांची बायको पदरात तोंड घालून हसत होती. "मला म्हणायचे, हळू कामून बोलायल्या, नीट ऐकू येऊ द्या की."

मला राहवलं नाही. "मारोतराव, मग तुम्ही माझ्याकडे येऊन पोथी पोथी का करत होता?"

"मंग काय म्हणू?" मारोतराव चिडले. "ह्या वयात दारात येऊन इचारू का, म्याडम, त्या चहावालीचं पोरगं कुठं गेलं? लोकं काय म्हणतील?"

लोकं तिथेच बसली होती. आधी पुरुषांत कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा सभामंडप. चुलीवरचं वरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा दोघं धावले.

मी पुढे वाचलं. मुलगा बर्फातून पायी येतो. आई काही विचारत नाही, त्याच्यासमोर चहा ठेवते आणि शेजारी बसते. पुस्तक संपलं. कौसाबाईंनी अर्थ सांगितला नाही. मारोतरावांनी टॉवेल सोडून डोळे पुसले आणि चुलीच्या धुराला नावं ठेवली. धूर दुसऱ्या बाजूला जात होता. पहिली पंगत बायकांची बसली, पुरुषांनी वाढली. वरण लागलेलंच होतं, सगळ्यांनी दोनदा घेतलं.

कादंबरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तो ठेकेदार इतका चांगला असूच शकत नाही. पण गट टिकला. सरू येते, आणि आता सासूला घेऊन येते. पुढचं पुस्तक जाड असावं अशी पुरुषांच्या बाजूने मागणी आहे. पुण्याच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: 'पुस्तकातील कोणते मूल्य आपल्याला भावले?' सगळ्यांनी विचार करून उत्तर दिलं: पोरगं आलं. सरांचा फोन आला, हे क्वालिटेटिव्ह नाही, जरा नीट विचारा.

नीट विचारायचं तर फॉर्मच बदलावा लागेल. पुस्तक कसं वाटलं, हे दुसरं. पहिला प्रश्न असा हवा: ऐकायला येताना घरी काय सांगून निघालात?