फ्रिज सोडून सगळं बंद

वाया जाणाऱ्या विजेवर माझ्या सुनेच्या वडिलांइतका डूख धरलेला माणूस साऱ्या सिंगापुरात नसेल. यिशुनला आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहतात. आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी त्यांचा हात भिंतीवरच्या बटणांकडे जाई. टीव्हीचा लाल दिवा दिसला की म्हणत, "हा झोपेचं सोंग घेतलेला चोर आहे, विहीणबाई." एकदा भात अर्धाच शिजलेला असताना त्यांनी विजेचा कुकर बंद केला आणि वर मलाच सांगितलं, "उरलेला वाफेवर होतो." झाला नाही. आम्ही तो तसाच चावून खाल्ला. नात वैतागून, इथल्या पोरांसारखं शेवटी "लाह" लावत म्हणे, "आजोबा, माझा फोन चार्ज होत होता लाह." त्यावर, "मग आता माणसांशी बोल," हे उत्तर ठरलेलं.

वीज कशी वाचवावी यावर सरकारने साध्या रहिवाशांचं मत मागवलं, तेव्हा त्यांना घरच्या लग्नाचं आवतण आल्यासारखं झालं. शनिवारी सभा व्हायच्या, तिथे ठरेल ती शिफारस वर जाणार होती. मलाही सोबत नेलं. "मी चौथी शिकलेली, मला काय कळतंय," म्हटलं, तर म्हणाले, "त्यांना सामान्य माणूस हवाय. तुमच्याहून सामान्य मी कुठून आणू?" त्यांची सूचना एकच. प्रत्येक नव्या घरात दाराशी एक बटण सक्तीचं करा, बाहेर पडताना दाबलं की फ्रिज सोडून सगळं घर बंद. लोकांना ती फार आवडली.

त्यांच्या पत्नी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या, वाचाही गेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली मोटरवर फुगणारी गादी असे. एका शनिवारी सभेला निघताना व्याह्यांनी सवयीने सगळ्या बटणांवरून हात फिरवला, त्यात मोटरचंही बटण गेलं. कमी वीज खाणारी, बिनआवाजाची मोटर त्यांनीच हौसेने शोधून आणली होती. त्यामुळे ती बंद झाल्याचं आईजवळ बसलेल्या माझ्या सुनेलाही कळलं नाही. आम्ही परतलो तेव्हा गादी सपाट झाली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. पाठीला जखम झाली ती चिघळतच गेली.

शेवटच्या सभेत या सूचनेसाठी हात वर करायला सांगितलं. बहुतेकांचे झाले. व्याही मात्र उभे राहिले आणि इतकं सावकाश इंग्रजी बोलले की मलाही कळलं. "ही अशीच पाठवू नका. घरात आजारी माणूस असतं."

कोणीतरी समजुतीने म्हणालं, "अंकल, तुम्ही फ्रिज सोडलाय ना त्यातून."

"हो. फ्रिज मला आठवला. बायको आठवली नाही."

हात हळूहळू खाली आले. आजाऱ्याच्या खोलीची वीज त्या बटणावर नसावी, एवढी ओळ शिफारशीत नंतर घातली गेली. पण महिनाभरात त्यांच्या पत्नी गेल्या.

आता व्याही येतात, आधी चपला काढतात, बसतात. टीव्हीच्या लाल दिव्याकडे बघत राहतात. हात उचलला जातो आणि मध्येच थांबतो.

"विहीणबाई, हे बंद करू का?"

"करा की," मी म्हणते. आमच्याकडे हल्ली टीव्ही कोणी बघत नाही. ते यायचे असले की मी त्याचं बटण तेवढं चालू करून ठेवते.