साक्षीदाराची जागा

"ताई, बाबा गेले..." अकोल्याहून नीलेशचा फोन आला, तेव्हा मी शाळेत डबा उघडत होते. पुढचं काही ऐकू आलं नाही.

नीलेशचे बाबा, दादाराव काका, अमरावतीला आमच्या शेजारी राहत. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. माझे आईवडील अंगठा लावणारे. माझा कॉलेजचा फॉर्म काकांनीच भरला. त्यांना छंद एकच, नामवंतांच्या सह्या जमवायचा. पण कचेरीची सवय अशी की, वहीत सही मिळाली की खाली रेघ ओढून 'साक्षीदार' लिहायचे आणि शेजारी जो असेल त्याच्यापुढे पेन धरायचे. मग तो चहावाला असो की ऑटोवाला. सही झाली की पेनासाठी हात पुढे, टोपण लावून पेन खिशात.

मी बी.ए.ला असताना एकदा त्यांच्यासोबत अकोल्याला कुस्त्यांची दंगल पाहायला गेले. जिंकलेल्या पैलवानाच्या उजव्या हाताला पट्टी होती. त्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. काकांनी पेन माझ्यापुढे धरला.

"मी? मले कोन ओयखते, काका?"

"मी ओयखतो ना! कर सही."

माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवेल, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढे नीलेशच्या हट्टानं पैलवानाची ती सही मुंबईच्या एका सह्या पारखणाऱ्या कंपनीकडे तपासायला गेली. उत्तर आलं, 'उपलब्ध नमुन्यांशी जुळत नाही.' मी चिडले. काका मात्र हसले. "काहून चिडतं, पोरी? त्यायनं उजव्या हाताच्या सह्या पाह्यल्या. डावा हात आपण पाह्यला."

परवा वही माझ्या हाती देत नीलेशनं विचारलं, "ताई, सगळ्याच सह्या तपासून घेऊ का?" मी म्हटलं, तुझ्या बाबांनी काही सह्या बाजारातून विकतही घेतल्या होत्या, तेवढ्या पाठव. त्या करताना आपल्यातलं कुणी नव्हतं. तिथं जाणकाराची नजर कामाची, फक्त कोणत्या नमुन्यांशी ताडून पाहिल्या ते विचार. पण जिथं साक्षीदार आहे, तिथं आधी त्याला विचारावं. बोलता बोलता लक्षात आलं, त्या दंगलीत मी होते, हे सांगणारा माणूसच आता उरला नव्हता.

वहीच्या शेवटच्या पानावर काकांची स्वतःची सही आहे. गेल्या दिवाळीत मीच मागितली होती. "माही सही? मले कोन ओयखते?" म्हणाले. "मी ओयखते ना!" म्हटल्यावर खूप हसले. हात कापत होता; त्यांच्या जुन्या सहीशी ती कुठेच जुळत नाही. खाली रेघ ओढून त्यांनी 'साक्षीदार' लिहिलं, तेवढ्यात चहा आला आणि माझी सही राहून गेली.

काल रात्री ती केली. आणि सवयीनं पेन काकांना परत द्यायला पुढे धरला...