ती "बस" म्हणाली आणि मी बसले

जेद्दातल्या भारतीय शाळेत विशेष मुलांच्या वर्गावर रुजू झाले, तेव्हा हिंदी, इंग्रजी आणि अरबीच्या गदारोळात एखादा मराठी शब्द कानी पडावा म्हणून मी जीव टाकत होते. आणि पडला! नऊ वर्षांची, रत्नागिरीकडची, जेमतेम चार-सहा शब्द बोलणारी मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बस."

मला बसायला सांगितलं! दरबारात मान मिळाल्यासारखी ओढणी सावरून मी तिच्या शेजारी बसले. "बस!" ती पुन्हा म्हणाली. मी आणखी सरकले. तिने माझ्या दंडाचा कडकडून चावा घेतला.

असं तीन दिवस. चौथ्या दिवशी ती बोललीच नाही. मी जवळ गेले, तशी थेट चावली.

मुख्याध्यापिकांनी अहवाल मागितला. चावणं विनाकारण ठरलं, तर मुलीला शाळेत ठेवणार नव्हते. "नियमाला धरून लिहा हं," त्या म्हणाल्या. "आधी काय घडलं, मग काय घडलं. आणि आईची सही."

मी ठसक्यात लिहिलं: आधी काय घडलं? मुलीने प्रेमाने बसायला सांगितलं, बाई बसल्या. कारण? आढळलं नाही.

आई सहीला आली. वाचता वाचता थांबली आणि अबायाची बाही तोंडावर धरून खुदकन हसली.

"तुमी बसलात?"

"मग? तिनंच सांगितलं ना!"

"अवो बाई, घरात मिक्सर लावला तरी ती बस सांगायची. बस म्हंजे पुरे! पोरगी पुरे सांगत होती नि तुमी पाहुणीसारख्या टेकलात!"

मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिचं हसू आधी थांबलं.

"आता घरात पन नाय सांगत," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे लिहिलेलं खोडता येत नाही. मी खाली दुरुस्ती जोडली: कारण, बाई. आईने सही केली. मुलगी शाळेत राहिली. तिच्यासाठी केलेल्या आराखड्यात पहिलीच ओळ आहे: ती "बस" म्हणाली की सगळ्यांनी तीन पावलं मागे जायचं.

ती आता चावत नाही. आम्ही लांबच असतो. मी तर नाटकातल्या शिपायासारखी एक पाय मागे टाकून तयारीत उभी. ती बघते. ओठ हलतात, मिटतात. दोन वर्षं झाली, "बस" काही आलेलं नाही.

घरी कुणी सहज "बस ना" म्हटलं, तरी मी उभीच राहते.