झोळ्यांपुढची पाटी

ते वर्ष मला थकव्यानंच आठवतं. उमरखेडात मी पाट्या रंगवायचो. दुकानांची नावं, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंती. काम अब्बांकडून शिकलो होतो. फ्लेक्स आला तसं ते आटत गेलं, आणि उरलं ते शिडीवर चढून उन्हात करायचं. पन्नाशी जवळ आली होती, उजवा खांदा रोज दुखायचा.

कापसाची ती वाईट वर्षं. बाहेरगावच्या पेपर-टीव्हीवाल्यांच्या गाड्या जिल्ह्यात सारख्या फिरायच्या. ज्या घरातल्या माणसानं कर्जापायी जीव दिला, तिथल्या बाईला दारात उभं करून फोटो काढायचे, तेच ते विचारायचे. अशात पुण्याहून एक चित्रकार बाई आल्या. तिशीच्या असतील. ढाणकीच्या रस्त्यावर कापसातली सरकी काढायचा एक जिनिंग कारखाना बंद पडला होता. त्याची शेड त्यांनी दहा दिवसांसाठी मागून घेतली. कापूस वेचताना बायका कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात. तशा चाळीस झोळ्या त्यांनी जवळपासच्या गावांतून गोळा केल्या, प्रत्येकीला बदल्यात नवं कापड दिलं, आणि शेडमध्ये तारेवर टांगल्या. बाईच्या कमरेच्या उंचीवर, रिकाम्या. बस, एवढंच.

मला बोलावलं ते त्याचा अर्थ पाटीवर लिहायला. पहिल्या दिवशी चार ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुणा सरांचा फोन आला, आणि चाराच्या अकरा झाल्या. मी पाटी पांढरी करून पुन्हा लिहायला बसलो.

"मॅडम, हे 'अवकाश' म्हंजे रिकामी जागाच ना?"

"हो, तसंच."

"मंग रिकामी जागा लिहू?"

त्या हसल्या, जरा विचारात पडल्या, आणि म्हणाल्या, "नको, अवकाशच असू द्या."

तिसऱ्या दिवशी मजकूर पुन्हा वाढला. पाटी आता माझ्यापेक्षा उंच झाली होती. हात भरून आला तसा ब्रश खाली ठेवला.

"एक विचारू का? हे लिहिलं नाही तं लोकाइले समजणार नाही का?"

"समजेल, पण भलतंच समजेल."

"समजू द्या ना मंग."

"तुम्ही पाट्या लिहून पोट भरता आणि असं म्हणता? पाटीशिवाय दुकान चालतं का?"

"जिलबीचं चालते. वास येते ना."

त्या नुसत्या झोळ्यांकडे बघत बसल्या.

प्रदर्शन उघडलं. लोक आले, आणि सगळे पाटीपुढं थांबले. बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, मान हलवायचे, आणि झोळ्यांच्या बाजूनं सरळ बाहेर. एका गुरुजींनी तर पोरांना सगळा मजकूर वहीत उतरवून घ्यायला लावला. पोरांनी माना वर केल्या त्या फक्त पाटीकडे बघायला.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "काढा ती."

आम्ही पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दिवशी लोक सावकाश फिरले. एक म्हातारे गृहस्थ झोळ्यांना धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात वर धरून तारांमधून चालत गेले. बाईंना बरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

दोनच दिवसांनी एक बाई आली. चाळिशीची, डोक्यावर पदर, जवळच्याच गावची. शेडमध्ये शिरली आणि तिसऱ्या रांगेतल्या ठिगळाच्या झोळीपाशी थांबली.

"हे माही हाये," ती म्हणाली. "इथं काहून टांगली?"

चित्रकार बाई पुढं झाल्या, समजावू लागल्या. तिनं मधेच तोडलं.

"गावात लोकं म्हणून राह्यले, ज्याइचे मालक मेले त्याइच्या झोळ्या टांगल्या म्हनून. माहा मालक जित्ता हाये. घरी बसून भाकर खाऊन राह्यला. माही सासू रडून राह्यली कालपासून."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "मी असं कुठंच म्हटलेलं नाही हो, ताई."

"म्हटलं नाही, तेच तं. लिहा मंग."

मी एक पुठ्ठा घेतला. काय लिहायचं, यावर आम्ही तिघं बराच वेळ बसलो. 'हिचा नवरा जिवंत आहे' असं लिहिलं, तर बाकी एकोणचाळीस जणींचे मेले असं होणार. 'सगळ्यांचे जिवंत आहेत' लिहावं, तर त्यातल्या तिघींचे खरंच गेलेले होते. बाईंना ते ठाऊक होतं. त्या खाली मान घालून बसल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या फार थकल्या होत्या, रडणंही झालं नाही.

शेवटी त्या गावच्या बाईनंच विचारलं, "आमी साऱ्या वेचाले जातो ना अजून?"

मी लिहिलं : 'या झोळ्या कापूस वेचणाऱ्या बायकांच्या आहेत. त्या साऱ्या आजही वेचायला जातात.'

तिला वाचता येत नव्हतं. मी दोनदा वाचून दाखवलं.

"हां," ती म्हणाली. "हे खरं हाये."

मग तिनं तारेवरची गाठ सोडली, झोळीची घडी केली आणि काखेत धरली.

"तरी मले हे घेऊन जाऊ द्या. सासूले दाखवतो. तुमचं कापड उद्या पाठवून देतो."

"कापड राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी तिला अडवलं नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या रांगेत एक जागा मोकळी राहिली. बाईंनी विचारलं, बाकीच्या सरकवून ती बुजवायची का? माझ्या अंगात पुन्हा साऱ्या गाठी सोडून बांधायचं त्राण नव्हतं. म्हणालो, राहू द्या.

उरलेल्या दिवसांत पुठ्ठ्यावरच्या दोन ओळी लोक पटकन वाचायचे, झोळ्यांमधून फिरायचे, आणि जवळजवळ प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेपाशी येऊन विचारायचा, "इथची कुठं गेली?" बाईंना आता बोलवत नव्हतं, म्हणून मीच सांगायचो. पहिल्या दिवशी सगळं सांगितलं, सासूसकट. दुसऱ्या दिवशी निम्मं. शेवटी शेवटी मी स्टुलावर बसल्या बसल्या नुसतं म्हणायचो, "जिची होती, तिनं नेली."