शेठजींची पांढरी मोटार आणि बाबा

माझ्या बापानं एका पांढऱ्या मोटारीचा रंग हातानं घासून घालवला.

मोटार त्याची नव्हती.

आज बाबांचा स्मृतिदिन. सकाळी फोटोला हार घातला. फोटोत ते कोट घालून ताठ बसलेत. मला आठवतात ते मात्र जुन्या बनियनची चिंधी हातात घेऊन गाडीवर वाकलेले बाबा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. चिखलीत एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे बाबा ड्रायव्हर होते. गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली एक या शेठजींची.

त्यांच्या आवारात गॅरेजला लागून एक खोली होती. आई, बाबा आणि मी तिथे राहायचो. दारात बसलं की समोर कडुलिंबाखाली गाडी उभी दिसायची.

एकदा आई दारात ज्वारी निवडत होती. बाबांना म्हणाली, गाडी लई मळली, पुसत जा जरा. बाबा हसले. गाडी त्यांनी नुकतीच धुतली होती.

काही दिवसांनी ती पुन्हा तेच म्हणाली.

मग भाकरीत खडे लागायला लागले. मग एका सकाळी तव्याचा अंदाज चुकला आणि तिचा पंजा भाजला.

बाबा तिला अकोल्याला घेऊन गेले. मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चाललीय. औषध नाही, ऑपरेशन नाही. बाबा हलेचनात. हात जोडून तेच तेच विचारत राहिले. शेवटी डॉक्टर म्हणाले, उन्हात चमकणारं काही असलं तर ते अजून थोडे दिवस दिसेल.

बाबांनी त्यातलं 'चमकणारं' एवढंच धरून ठेवलं.

येताना त्यांनी मेणाच्या पॉलिशची डबी आणली. घासायची पांढरी पेस्टही आणली, ज्याला पेंटर लोक रबिंग म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गाडी सावलीत लावली. आधी रबिंग, मग मेण. मेण वाळून धुरकट झालं की मऊ चिंधीनं गोल गोल पुसायचं. मग गाडी उन्हात घ्यायची, आईचं तोंड तिकडे करायचं आणि विचारायचं.

"दिसून राह्यलं का?"

आई थोडं थांबून म्हणाली, "हाव. दिसते. लखलख करते."

बाबा त्या दिवशी पोटभर जेवले.

त्यानंतर त्यांनी घासणं सोडलंच नाही. शेठजींना बाजारात सोडून आले की चिंधी हातात. आई 'हाव' म्हणायला कधी जरा थांबायची. की लगेच पुन्हा रबिंग, पुन्हा मेण. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. आंघोळीचं पाणी लागलं तरी कळवळायचे. बौद्ध झाल्यापासून नवस सगळे सोडून दिले होते आमच्या घरानं. करण्यासारखं त्यांच्या हातात हे एकच उरलं होतं.

चिंधी पांढरी व्हायची. मला वाटायचं मळ निघतोय.

तो रंग होता.

आमच्या दाराकडचं मडगार्ड त्यांनी सगळ्यात जास्त घासलं होतं. एका दुपारी तिथे खालचं लाल अस्तर दिसायला लागलं. बाबांनी त्यावर मेण लावलं. लाल आणखीच उठून दिसलं.

शेठजींच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. नवरदेव याच गाडीतून यायचा होता. शेठजी गाडीभोवती फिरले, मडगार्डपाशी थांबले. ओरडले नाहीत. काऊन असं केलं, एवढंच विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं. शेठजी म्हणाले, "चाबी ठेव, नामदेव."

नोकरी गेली. खोलीही गेली.

सामान बांधताना बाबा आईजवळ बसले. म्हणाले, तू काळजी नको करू, मी दुसरी गाडी पाहतो, तुले दिसत राह्यलं पायजे.

तेव्हा आई बोलली.

"मले कधीचंच काई दिसत नाई. अकोल्याहून आलो तवापासून नाई. तुमी एवढं घासत होते, म्हून मी हाव म्हणत होती."

बाबांना तसं रडताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ते रागावले नाहीत. नुसते म्हणत राहिले, "मले सांगाचं ना. मले सांगाचं ना बाई."

ट्रकवर काम मिळत होतं. पण मग दिवसच्या दिवस बाहेर राहावं लागलं असतं. आईला कोण बघणार? म्हणून ते गावातल्याच कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागले. चांगला ड्रायव्हर होता माझा बाप. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही त्यानं.

संध्याकाळी आईचा हात धरून ते तिला रस्त्यानं फिरवायचे. लोक हसायचे. तेव्हा नवरा-बायको असे हात धरून चालत नसत.

आईच्या आधी बाबाच गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

त्यांना अंगणात ठेवलं होतं. आई शेजारी बसली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवायला लागली. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. पुन्हा कपाळ. नेणारे खोळंबले. बायका म्हणाल्या, आता पुरे. तिला उठवायला मी गेले.

माझा हात बाजूला करत ती म्हणाली, "थांब ना माय. मले पाहू दे."

आम्ही सगळे थांबलो.

बाबा, तुमची लेक आज तुमची फार आठवण काढतेय.
जयभीम.