मास्टरांची बॅच

यशवंतपूरला राहायचो तेव्हा आमच्या घराजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, एक जिम होती. तिथे बायकांची वेळ अकरा ते एक. म्हणजे ज्यांचा स्वयंपाक उरकलाय, नवरा कामावर आणि मुलं शाळेत गेलीत, त्यांनाच कंबर असते असा मालकाचा समज. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दिवसभर खुर्चीत बसून पाठ पार आखडली होती आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. मालकाला दुसरी वेळ विचारली तर म्हणाला, "मॅडम, सुबह-शाम जेंट्स आते हैं. आप ऑफिस से छुट्टी ले लो." व्यायामासाठी रोज रजा! हा मनुष्य लोकांची तब्येत सुधारायला बसला होता.

कंपनीत तर त्या वर्षी वेगळंच खूळ आलं होतं. मुंबईहून टाय लावून एक गृहस्थ आले आणि काम, कुटुंब, तब्येत यांचा तोल कसा सांभाळायचा यावर दिवसभर बोलले. फळ्यावर तीन गोल काढून ते एकमेकांत अडकवले. मी विचारलं, "यातल्या कुठल्या गोलात मुलांचा डबा भरायचा?" ते गोड हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. घरी आमचे यजमानही त्याच जातकुळीचे. "तू जा ना जिमला, मी कुठे अडवतोय," असं उदारपणे म्हणायचे आणि त्याच दमात विचारायचे, "आपल्याकडे साखर कुठे असते गं?"

माझी सोय लावली ती तिथल्या बायकांच्या कोचनं. बेळगावकडची, तिशीची, अंगानं काटक. कॉलेजात कबड्डी खेळायची, लग्न झालं आणि खेळ सुटला. मालकाशी हुज्जत घालून मी जिना उतरत होते, तर मागून हाक आली, "अक्का, थांबा की! पहाटे येतासा काय? मी बघते."

तिनं खरंच बघितलं. पुरुषमंडळी सातला यायची, तोवर जिम रिकामीच. साडेपाच ते सात नोकरीवाल्या बायकांची बॅच घेते, असं तिनं मालकाच्या गळी उतरवलं. मालक म्हणाला, खंडेनवमीच्या आयुधपूजेपर्यंत रोज माझ्याकडून किल्ली नेऊन चालवून दाखव. चालली तर दसऱ्यापासून बॅच तुझी, किल्ली तुझी. हे तिनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. लग्नानंतर आपलं म्हणावं असं काही तिच्या हाती येणार होतं ते हेच, आणि ते सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

शिकवायची तिची रीत तिची स्वतःची होती. वजन उचलताना आम्ही सगळ्या श्वास कोंडून धरायचो, म्हणून ती आमच्याकडून मोठ्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणवून घ्यायची. "श्वास कोंडूलालाय तुम्ही! घरात आवाज चढवता येत नाही तर हितं चढवा की!" बँकेतल्या, शाळेतल्या, टेलिफोन खात्यातल्या चांगल्या पोक्त बायका हातात डंबेल्स घेऊन कबड्डी कबड्डी ओरडायच्या. शेजारपाजारच्यांना आम्हाला वेड लागलंय असं वाटत असणार. दोन महिन्यांत माझी पाठ हलकी झाली. ती स्वतः रोज बॅचच्या आधी घरच्या सगळ्यांचे डबे करून, पाणी भरून यायची आणि तरी आमच्यातली सर्वांत ताजी तीच दिसायची.

मग तिचा नवरा आला. घर मागच्याच गल्लीत, पण पहाटे बायको एकटी कशी बाहेर पडणार, म्हणून सोबतीला. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत कन्नड पेपर उघडून बसायचा आणि पेपराच्या वरून आमच्याकडे बघायचा. वजन उचलणाऱ्या बायका त्यानं कधी बघितल्या नसाव्यात. थोड्याच दिवसांत पेपर मिटला आणि सूचना सुरू झाल्या. "गुडघा वाकवा. स्वल्प खाली. हां, सरी." मग निळा ट्रॅकसूट आला. त्यातून पोट असं पुढं, की सगळ्यात आधी व्यायामाची गरज कुणाला हे सांगावं लागू नये. शेवटी तिच्या गळ्यातली शिट्टी त्याच्या गळ्यात गेली. ती तिची कबड्डीची शिट्टी होती. ती म्हणाली, "राहू दे अक्का, हौस हाय त्यांची."

बॅचमधल्या दोघीतिघी त्याला 'मास्टर' म्हणू लागल्या. सभ्यपणाचं हे एक दुखणं आहे, समोर ट्रॅकसूट दिसला की आपण मान देतो. मी एकदाही म्हटलं नाही. पण सातला मालक यायचा तेव्हा त्याला शिट्टी वाजवणारा पुरुष दिसायचा आणि सतरंज्या गुंडाळणारी बाई. तो मास्टरांशीच बोलायचा. मास्टरही फुशारून सांगायचे, "हिनं उठवून चहा दिल्याशिवाय मला जाग येत नाही. पण एकदा उठलो की बघा!" आम्ही रोजच बघत होतो.

आयुधपूजेच्या संध्याकाळी मालकानं सगळ्यांना बोलावलं. डंबेल्सना हळदकुंकू, व्यायामाच्या सायकलला झेंडूची माळ, दारात कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. मालक लॉरीवाल्यांच्या घरातला. त्यांच्याकडची रीत अशी, की गाड्यांच्या किल्ल्या देवापुढं ठेवायच्या आणि पूजा झाली की मालकानं त्या ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या. वर्षभर ती गाडी त्या ड्रायव्हरची. त्या दिवशी ताटात जिमची किल्ली होती. शिट्टी तिनं नवऱ्याकडून मागून घेऊन स्वतःच्या हातानं शेजारी ठेवली होती. नवी साडी नेसून ती ताटाजवळच उभी होती.

आरती झाली. मालकानं किल्ली आणि शिट्टी उचलली आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "मास्टर, बन्नी." मास्टर लगबगीनं पुढं झाले. किल्ली खिशात घातली, शिट्टी गळ्यात. मालकाला विचारायला मी तोंड उघडलं, तर तिनं माझा हात घट्ट दाबला. मग ती उरलेले चुरमुरे वाटत फिरली. मला इतका संताप आला होता की घरी येऊन मी यजमानांशी उगाच भांडले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताची पहिली बॅच म्हणून आम्ही सगळ्या वेळेवर जिन्यात हजर. शटर बंद. उजाडलं, दूधवाला गेला, तरी शटर बंदच. शेवटी आम्ही मागच्या गल्लीत तिच्या घरी गेलो. दार वाजवल्यावर बऱ्याच वेळानं ते मास्टरांनी उघडलं. केस पिंजारलेले, बनियन उलटा, आणि त्यावर शिट्टी. आत चूल थंड, मुलं झोपलेली, आणि भिंतीकडे तोंड करून तीही झोपलेली.

आम्हाला बघून तो तिच्यावर खेकसला, "उठवायचं नाही काय मला?"

"मास्टर तुमी की," ती कूस न बदलता म्हणाली. "मी कशाला उठू?" आणि तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

त्यानंतर ती पहाटे आलीच नाही; तो आठवडाभर कधी सव्वासहाला, कधी साडेसहाला धापा टाकत आला. शिट्टी तेवढी जोरात वाजायची. एकेक बाई गळाली, मीही सोडलं. दिवाळीआधीच मालकानं बॅच बंद केली. मला रस्त्यात भेटला तेव्हा मान हलवत म्हणाला, "लेडीज में रेग्युलॅरिटी नहीं है, मॅडम." त्याच्या तोंडावर हसावं की थुंकावं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी भाजी घ्यायला गेले.

थंडीत ती बाजारात भेटली. अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा नाकाशी नेऊन वास घेत निवडत होती. अकरा ते एकची बॅच ती अजून घेत होती. मी रागानंच म्हटलं, "तू थोडे दिवस त्याला उठवलं असतंस तर बॅच तरी टिकली असती. ती तुझी नसती झाली, पण आमची राहिली असती."

तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"माझीच होती की अक्का ती," ती म्हणाली. "मी झोपले, तर बंद पडली."