गोणपाटाखालचा नळ

माहितीपट कधी खोटं बोलत नाही, असं सोलापुरात माहितीपटांवरच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकायला मिळतं. आज ओल्या गोणपाटाचा वास आला आणि सांगोल्याकडचं मावशीचं अंगण आठवलं. दुष्काळाचं चित्रीकरण करायला आलेल्या दिग्दर्शकाने तिच्या ठिबकणाऱ्या नळावर असंच गोणपाट टाकलं होतं.

“ह्यो नळ आणायला मी पंचायतीत लई भांडलीय. ह्यो घ्या की पिच्चरमदी!” मावशी म्हणाली.

“नळ दिसला तर दुष्काळ खरा वाटणार नाही,” दिग्दर्शक म्हणाला. “तुम्ही घागर घेऊन त्या माळाकडे चालत जा.”

“तितं आमचं कोन हाय?”

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आता चीड येते, कारण पडद्यावर मावशी मुकाट चालत राहते आणि तिचं भांडण कुठेच नाही.

माहितीपट गाजला. तो पाहून गावाला टँकर मंजूर झाला.